उतरवून घेतलेला घाट

विषय : जिल्हा कलासंग्रहालयाच्या दुसऱ्या दालनातील 'धुण्याचा घाट' हे निसर्गचित्र (तैलरंग, चित्रकार कॉम्रेड नील सव्विच रोगाचोव) अर्जदाराच्या राहत्या घरी हलवण्यास परवानगी मिळण्याबाबत.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदार अवेर्की तिखोनोविच लोस्कुतोव हे चित्रकार संघाच्या येथील शाखेचे सचिव असून स्वतःही निसर्गचित्रकार आहेत. सदर चित्र विकत घेण्याची त्यांची इच्छा नाही. चित्र आवडते, असेही त्यांचे म्हणणे नाही. तरीही ते आपल्याच घरी असले पाहिजे असे त्यांना वाटते. का वाटते, हे अर्जाच्या नमुन्यात मावत नसल्याने पुढे सविस्तर दिले आहे.

१

शहर लहान, नदी मोठी आणि निसर्गचित्रकार दोन. एका शहरात दोन निसर्गचित्रकार म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. त्यातली एक लाकडाची. लाकडाची कुठली, हे शहराला ठाऊक होते आणि अवेर्कीला शहराच्याही आधी ठाऊक झाले होते.

दोघे कलाशाळेत एका बाकावर बसले होते. नील सव्विच हा तराफेवाल्याचा मुलगा. अंगाला कायम डांबराचा वास, खिशात कांदा. पदक त्यालाच मिळाले. राजधानीत राहण्याची सोय होत होती, तर म्हणाला, "इथल्या नदीचे काठ दगडी आहेत, मला झोप येत नाही," आणि परत आला. नावा दुरुस्त करायच्या कारखान्यामागे एक खोली घेतली आणि रबरी बूट घालून, खांद्याला रंगपेटी लावून रानोमाळ फिरू लागला. ओढे, बर्च, चिखलाच्या वाटा, वितळता बर्फ. माणूस मात्र एकाही चित्रात नाही. कुणी विचारले तर म्हणायचा, "झाडाला विचारावं लागत नाही. माणसाला विचारावं लागतं."

अवेर्कीही तेच ओढे काढायचा, तेच बर्च. त्याचे बर्च भांग पाडल्यासारखे असत. लोक त्याच्या चित्रासमोर थांबून म्हणत, "वा, अगदी फोटोसारखं!" नीलच्या चित्रासमोर लोक काहीच म्हणत नसत. मान किंचित कलती करून उभे राहत. हे मान कलती करणे अवेर्कीच्या डोळ्यांत कुसळासारखे सलत असे.

त्याची बायको ग्लाफीरा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. तिचे पोट कानांवर चालायचे. अवेर्कीने एकदा हिवाळाभर खपून केलेले चित्र तिला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "छान आहे. स्वच्छ आहे."

स्वच्छ! शिवी दिली असती तर तो जेवला तरी असता.

२

नीलने जुन्या पाणचक्कीचा बांध रंगवला आणि ते चित्र संग्रहालयाने घेतले. पुढच्या वसंतात अवेर्की त्याच बांधावर जाऊन बसला. यात चोरी नव्हती. निसर्ग सरकारी आहे, कुणाच्या मालकीचा नाही, असे त्याने स्वतःला वाटेतच बजावले होते.

इझल उभे केले, घडीची खुर्ची मांडली, पांढरा रंग पिळला. बांधावरून पाणी धो धो कोसळत होते. थोड्या वेळाने त्याला चुकल्यासारखे वाटू लागले. आपल्याला मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते आहे, हे त्याच्या ध्यानात आले.

त्याने मान वर केली. पाणी कोसळत होते. फेस उडत होता, चेहऱ्यावर तुषार येत होते. आवाज नव्हता.

त्याने टाळी वाजवली. टाळी ऐकू आली. खुर्ची करकरली, तेही ऐकू आले. मागे रानात सुतारपक्षी ठोकत होता. म्हणजे कान शाबूत. त्याने एक धोंडा उचलून डोहात टाकला. पाणी उसळले, वर्तुळे काठापर्यंत आली, पण आवाज काही आला नाही.

अवेर्की शहाणा माणूस होता. शहाणा माणूस अशा वेळी सामान आवरतो आणि डॉक्टरकडे जातो. डॉक्टरने मोठ्या पिचकारीने त्याचे दोन्ही कान धुतले आणि तबकात जे निघाले ते त्याला कौतुकाने दाखवले.

"आता गवत उगवलेलं ऐकू येईल, अवेर्की तिखोनोविच."

"गवत नको," अवेर्की म्हणाला. "पाणी ऐकू आलं तरी पुरे."

पण बांधाकडे पुन्हा जाऊन खात्री करून घेण्याचे त्याने टाळले. वाऱ्याची दिशा, दरीची घडण, दमट हवा अशी तीन कारणे त्याने काढली आणि तिन्हींवरही थोडाथोडा विश्वास ठेवला.

३

संग्रहालयात देखरेखीला कापितोलिना मार्कोव्ना होती. दालनाच्या दाराशी खुर्ची टाकून ती मोजे विणत बसायची. अवेर्की शाखेच्या कामासाठी गेला तेव्हा दुसऱ्या दालनात, नीलच्या बांधाच्या चित्राखाली, पत्र्याची बादली ठेवलेली दिसली.

"हे काय?"

"गळतंय कुठंतरी," ती सुया न थांबवता म्हणाली. "नळवाला येऊन गेला. म्हणतो भिंतीत नळच नाही. मी म्हटलं, मग मी काय येडी आहे? ऐका की तुम्हीच."

अवेर्कीने ऐकले. लांबून, जाड भिंतीपलीकडून यावा तसा, पाणी कोसळल्याचा आवाज येत होता.

"शेगडीची वाफ असेल," तो म्हणाला.

"मे महिन्यात? शेगड्या कधीच्या विझल्या, सचिवसाहेब."

"आणि बादलीत किती जमतं?"

कापितोलिनाने पहिल्यांदाच सुया थांबवल्या. "थेंब नाही. रोज सकाळी पुसते, धूळ असते नुसती. पण ठेवलेली बरी. बादली असली की माणसाला वाटतं, काहीतरी केलं आपण."

अवेर्की घरी येईपर्यंत जे समजला ते त्याने मनातही नीट वाक्यात मांडले नाही. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो मत्सर. बांधाचा आवाज घेऊन गेला लेकाचा, आणि ओढ्यांची सोळा अभ्यासचित्रे करून मला साधा ओलावा आणता आला नाही!

४

पुढच्या एप्रिलात ग्लाफीराचा वाढदिवस होता. टेबलावर खारवलेली मशरूम, हेरिंग मासा, कोबीचा पिरोग आणि थंड केलेली वोदका. नील सव्विच विलोच्या लवदार कळ्यांची फांदी घेऊन आला आणि रबरी बूट दाराशी काढून मोज्यांवर बसला. मोज्याला भोक होते. ग्लाफीराने ते पाहिले आणि हसली. अवेर्कीने ते हसणे पाहिले.

"ग्लाशा," तोंडात पिरोग असताना नील म्हणाला, "नदीवरचा बर्फ फुटला. तू अजून घाटावर धुणं खळबळायला जातेस का?"

"जाते की. आमच्याकडे सचिव आहे, धुण्याचं यंत्र नाही."

सगळे हसले. अवेर्कीही हसला, नियमानुसार.

"तर मग एकदा मी काठावर बसतो. तू तुझं काम कर. चित्रात अंगठ्याएवढी येशील."

"तुम्ही आणि माणूस?" पाहुण्यांत आलेल्या कापितोलिनाने काटा खाली ठेवला. "नील सव्विच, आजवर तुमच्या चित्रात कुत्रं फिरकलं नाही!"

"म्हणून तर विचारतोय." नीलने अवेर्कीकडे वळून पाहिले. त्याचे डोळे नदीसारखेच होते, काही ठरवून न पाहणारे. "आणि घरच्यालाही विचारलं पाहिजे. काय अवेर्की, उतरवून घेऊ हिला?"

उतरवणे हे क्रियापद अवेर्कीच्या रोजच्या वापरातले होते. समोर दिसते ते चित्रात उतरवायचे; आणि मोडकी इझले, टकले कुंचले, फाटक्या ताडपत्र्या साठ्याच्या नोंदवहीतून उतरवायच्या. दोन्ही कामांना शब्द एकच. चित्रकार म्हणून पहिला अर्थ त्याला फारसा जमला नव्हता. दुसऱ्यात मात्र जिल्ह्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सचिवाने 'उतरवा' म्हटले की ती वस्तू शाखेची राहत नसे.

टेबलावरचे सगळे त्याच्याकडे बघत होते. नाही म्हणावे तर हसे होणार. हो म्हणावे तर मोज्याचे भोक जिंकणार. अशा वेळी विनोद करणे सोयीचे असते.

"घे की! उतरव!" तो मोठ्याने म्हणाला. "साठ्यात कधीची पडून आहे. सही कुठं करू, ते सांग." आणि हेरिंग टोचलेल्या काट्याने त्याने हवेत आपली सही केली, शेवटच्या फराट्यासकट.

टेबल हसून गडगडले. ग्लाफीरा हसली नाही. खिडकीबाहेरून ओळखीचा माणूस न थांबता निघून जावा, तसे तिने नवऱ्याकडे पाहिले.

"ऐकलंत ना, नील सव्विच?" ती म्हणाली. "सचिवांची मंजुरी आहे."

५

नील घाटावर बसत होता तोवर अवेर्की काठावरच्या न्हाणीघराच्या आडोशाला उभा राहून पाहत असे. लपून नव्हे, तिथून वारा लागत नसे. ग्लाफीरा फळीवर ओणवी होऊन चादरी पाण्यात हापटायची, पिळायची, मधूनच काहीतरी गुणगुणायची. लग्नाआधीचे गाणे होते. नील एक अक्षर बोलत नव्हता. ते दोघे बोलले असते तर अवेर्कीला बरे वाटले असते. पकडता येण्यासारखे काहीतरी मिळाले असते.

चित्र झाले. नीलने इझल आवरले आणि टोपी काढून ग्लाफीराला लवून नमस्कार केला. आजवर तो असा कुणापुढे लवला नव्हता.

पुढे काही दिवसांनी अवेर्की स्वयंपाकघरात वर्तमानपत्र वाचत होता. समोर चहाचा पेला आला. वर पाहिले तर ग्लाफीरा शेजारी उभी.

"कधी आलीस?"

"आत्ता. दारातून."

त्या दारापासून टेबलापर्यंतची एकही फळी न करकरता राहत नसे. त्याने उठून चालून पाहिले. फळ्या त्याच्याखाली म्हाताऱ्या बायकांसारख्या कण्हल्या. ग्लाफीरा मोरीकडे गेली. फळ्या मुक्याच. तिने पेल्यात चमचा ढवळला. चमचा काचेला लागत होता, दिसत होते. ऐकू येत नव्हते.

दबक्या पावलांनी चालणारी बायको काहीतरी लपवत असते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा निष्कर्ष त्याला जवळजवळ हवाहवासा वाटला, कारण दुसरा जो होता तो बांधाकडे जात होता. तो तिच्यावर पाळत ठेवू लागला. तिची कात्री, तिचा खोकला, उशीवर कूस बदलणे, एकेक करून सगळे गेले. बोलणे तेवढे उरले, तेही आटत चालले होते, विहिरीच्या तळाशी पोहरा घासावा तसे.

"तू हल्ली अशी मांजरासारखी का चालतेस?" शेवटी तो ओरडला.

ती चकित झाली. "मी नेहमीसारखीच चालते."

"ऐकू येत नाही मला!"

"तुला?" ती म्हणाली. "अवेर्की, तुला माझ्या पावलांचा आवाज कसा होता ते तरी सांगता येईल?"

त्याने तोंड उघडले. धप धप? चट चट? संसाराची एवढी वर्षे मागे उलटून पाहिली. त्यात त्याचेच जोडे वाजत होते.

६

तो तडक नीलच्या खोलीवर गेला. दार उघडेच होते. दिवस ढळायला अवकाश होता. खिडकीतून नदीचा उजेड छतावर हलत होता.

खोलीत शिरताच कानांवर कुणी उशी दाबल्यासारखे झाले. टेबलावर सामोवार खळखळून उकळत होता, झाकण थडथडत होते, आणि आवाज नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक इकडून तिकडे जात होता. मांजर अवेर्कीच्या पायाशी आले, त्याने तोंड पूर्ण उघडले, गुलाबी जीभ दिसली, तोंड मिटले. भिंतींवर छोटी छोटी अभ्यासचित्रे टांगलेली होती: सामोवार, घड्याळ, खिडकीतले मांजर. त्यांच्याजवळून गेले की एक बारीक कुजबुज कानाशी लागे आणि पुढे सरकताच विरून जाई.

"ये, ये! बस!" नील खूप मोठ्याने बोलला. रिकाम्या घरात माणसे बोलतात तसे. "चहा घेतोस?"

"तिला परत दे."

"कुणाला?"

"सोंग नको, नील. परत दे."

नीलने सामोवाराची तोटी सोडली. पाणी पेल्यात पडले, मुकेच. "ग्लाशा घरी आहे ना?"

"आहे."

"मग?" त्याने पेला पुढे सरकवला. "मी दिसतं तेवढं उतरवतो, बाबा. जास्त मला कुठलं येतंय? तुला रंगांची नावं तरी माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत."

हे तो मनापासून म्हणाला, हेच असह्य होते.

"फाडून टाकीन मी ते चित्र."

नीलचा हात पेल्यावर थबकला. प्रथमच तो हळू बोलला. "तसलं करू नकोस, अवेर्की. तिथं कुणी राहत असेल तर?"

७

"तुमच्या बाई दचकवतात हो," कापितोलिना मार्कोव्ना त्याला म्हणाली. "मागून कधी येऊन उभ्या राहतात, पत्ता लागत नाही. सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेव्हा येतात. मी सोडते आत. तुम्हाला माहीतच असेल."

त्याला माहीत नव्हते. पुढच्या सोमवारी तो आला. जुलै होता. समोरच्या चौकात क्वास या आंबवलेल्या थंड पेयाची पिवळी टाकी उभी होती आणि उन्हात लोक पेले, किटल्या घेऊन रांगेत होते.

दुसऱ्या दालनात 'धुण्याचा घाट' पूर्वेच्या भिंतीवर होता. करडे पाणी, काळी फळी, काठाला चिकटलेला मळका बर्फ आणि फळीवर पाठमोरी, अंगठ्याएवढी बाई. समोरच्या बाकावर ग्लाफीरा बसली होती, मान किंचित कलती करून. तिच्या चेहऱ्यावर जे होते ते अवेर्कीने आजवर पाहिले नव्हते. त्याच्या घरात ते कधी आलेच नव्हते. ती स्वतःला ऐकत होती.

तोही ऐकू लागला. ओली चादर पाण्यावर आपटली. पिळताना धार पडली. फळीवर पावले फिरली. हलकी, जरा डावीकडे जोर देऊन टाकलेली. असा होता तर आवाज. मग गुणगुणणे सुरू झाले आणि त्याला एकदम रडू कोसळेल असे वाटले. त्याने ते रागात बदलून घेतले, सवयीने.

ग्लाफीरा उठली. त्याच्याकडे पाहून तिने मान हलवली, बसथांब्यावरच्या ओळखीच्या माणसाला हलवावी तशी, आणि काही न वाजवता निघून गेली.

तो चित्राजवळ गेला. इतका जवळ की रंगाचे उंचवटे दिसू लागले. बाईचे डोके म्हणजे तपकिरी रंगाचा एक फटकारा होता, बाकी काही नाही. त्याने कान कापडाला टेकवला.

गुणगुणणे थांबले.

चादर ठेवल्याचा आवाज. दोन पावले. मग अगदी चौकटीच्या पलीकडून, हात पुसत कुणी दारापाशी यावे तसा, ग्लाफीराचा आवाज, भरलेला, तरुण, ओला :

"कोण आहे?"

"मी" म्हणायला त्याने ओठ उघडले. एवढा सोपा शब्द, आणि त्याला तो सापडेना. ज्याला तिची पावले ओळखता आली नाहीत त्याचा 'मी' तिने कशावरून ओळखावा?

"कोण आहे तिकडं?" तिने पुन्हा विचारले.

आणि आतूनच, काठावरून, एका पुरुषाने सावकाश उत्तर दिले, "कुणी नाही, ग्लाशा. ये."

पावले दूर गेली. तिची, आणि तिच्या बरोबरीने रबरी बुटांची, चिखलातून.

अवेर्की खिडकीकडे धावला. खाली चौकात नील सव्विच क्वासच्या रांगेत उभा होता, हातात किटली, मिशीला फेस. पुढच्या बाईशी तो काहीतरी बोलत होता आणि ती बाई हात कानामागे धरून विचारत होती : काय? काय म्हणालात?

८

अर्ज त्याच आठवड्यात दाखल झाला. शाखेमार्फत पाठवायचा असल्याने सचिव या नात्याने अवेर्की तिखोनोविच यांनीच त्यावर शिफारस केली. कॉम्रेड रोगाचोव यांचे म्हणणे घेण्यात आले. त्यांनी हरकत नसल्याचे मान हलवून कळवले. श्रीमती लोस्कुतोवा यांना विचारण्यात आले नाही, असे नमूद करणे भाग आहे. त्या घरीच असतात. चहा वेळेवर मिळतो.

प्रांताच्या कार्यालयाने सप्टेंबरात एक शंका काढली : अर्जात कारण म्हणून 'कौटुंबिक' एवढेच लिहिले आहे, तरी अर्जदारास नेमके काय परत हवे आहे, ते एका ओळीत स्पष्ट करावे. त्या ओळीसाठी मुदत मागण्यात आली, ती मिळाली, आणि पुन्हा मागण्यात आली.

अर्ज विचाराधीन आहे.